इंग्लंडात टॅक्सीचा बॅज काढताय? या चुका टाळा

इकडे आलेल्या आपल्या पोरांचे टॅक्सी-बॅजचे (म्हणजे टॅक्सी ड्रायव्हरच्या लायसन्सचे) फॉर्म मी अधूनमधून बघून देतो आणि आता खरंच वैताग आलाय, कारण वर्षानुवर्षं त्याच त्याच चुका चालल्यात. म्हणून एकदाच लिहून टाकतो. (लंडनमध्ये हे काम टीएफएल, म्हणजे तिथली वाहतूक संस्था बघते, बाकी इंग्लंडात तुमची लोकल कौन्सिल, म्हणजे आपल्याकडच्या नगरपालिकेसारखी. मी कौन्सिलबद्दल बोलतोय.)

आधी कौन्सिल नेमकं काय ठरवते ते समजून घ्या. टॅक्सी लायसन्स ज्याखाली मिळतं त्या 1976 च्या कायद्यात शब्द आहेत 'फिट अँड प्रॉपर', म्हणजे लायक आणि योग्य माणूस, आणि त्यांची व्याख्या कायद्यात कुठेच नाही. 2020 मध्ये सरकारने कौन्सिलांसाठी स्टँडर्ड्स, म्हणजे नियमावली काढली, त्यात कौन्सिलने स्वतःला विचारायचा प्रश्न दिलाय, की तुमच्या जवळच्या माणसाला दिवसा-रात्री कधीही या ड्रायव्हरच्या गाडीत एकटं जाऊ द्याल का? शंका राहिली तर फायदा ड्रायव्हरला द्यायचा नाही, हेही तिथे स्पष्ट लिहिलंय. उत्तर इंग्लंडातल्या रॉदरहॅम शहराचं प्रकरण आठवा. मुलींच्या शोषणावरचा अहवाल 2014 मध्ये आला, त्यात टॅक्सीवाल्यांचा उल्लेख होता, आणि तेव्हापासून कुठलीच कौन्सिल ढिलाई करायला तयार नाही.

आता माझी सगळ्यात नावडती चूक. जुनं प्रकरण लपवणं.

नगरकडचा एक पोरगा होता, गाडी झकास चालवायचा, बोलायला गोड. सुपरमार्केटात सेल्फ चेकआउटला दोन-चार वस्तू स्कॅन न करता निघाला आणि पकडला गेला. पोलिसांनी कॉशन (गुन्हा कबूल करून घेऊन दिलेली नोंदीतली ताकीद) देऊन सोडलं, कोर्ट नाही, दंड नाही. पुढे दोनेक वर्षांनी बॅजचा फॉर्म भरला, त्यात सरळ प्रश्न होता की कधी कन्व्हिक्शन (कोर्टात दोषी ठरणं) किंवा कॉशन झालीय का, आणि याने 'नो'वर टिक मारली. का, तर यूट्यूबवर कोणीतरी सांगितलं की कॉशन लगेच 'स्पेंट' होते, म्हणजे जुनी झाली असं धरतात, सांगायची गरज नाही. आता हे अर्धंच खरं आहे. साध्या दुकानात नोकरी मागायची असती तर चाललं असतं, पण टॅक्सी ड्रायव्हरला 1974 च्या कायद्याचं ते न सांगण्याचं संरक्षण 2002 पासून मिळत नाही. त्याचा एन्हान्स्ड डीबीएस, म्हणजे गुन्हेगारी नोंदींचा सविस्तर दाखला निघतो आणि त्यात स्पेंट गोष्टीही येतात. किरकोळ कॉशन 6 वर्षांनी फिल्टर होते, म्हणजे दाखल्यातून गळते खरी, पण याची कुठे एवढी जुनी होती!

मला कळलं तेव्हा कौन्सिलच्या कमिटीपुढच्या हिअरिंगचं (सुनावणीचं) लेटर आलेलं होतं. मी म्हटलं अरे विचारायचंस तरी, तर म्हणतो "दादा, एवढ्याशा गोष्टीला कोण बघतंय." कौन्सिल ऑफिसातली छोटी खोली, समोर तीन कौन्सिलर, बाजूला त्यांचा वकील आणि लायसन्सिंग ऑफिसर. चेअरवरच्या बाईंनी फॉर्म उलटा फिरवून त्याच्यापुढे सरकवला, त्या टिकच्या शेजारी पेनचं टोक ठेवलं आणि शांतपणे विचारलं, ही खूण तुम्हीच केलीत ना? झालं. नंतरचा अर्धा तास नुसती औपचारिकता होती. चोरीपेक्षा ती टिक महागात पडली. अप्रामाणिकपणाच्या गुन्ह्यानंतर निदान 7 वर्षं लायसन्स नाही असं स्टँडर्ड्समध्ये धरलंय, पण प्रत्येक केस तिच्या गुणदोषांवर बघायची असते, त्यामुळे आधीच खरं सांगितलं असतं तर निदान बाजू मांडता आली असती. शिवाय फॉर्ममध्ये जाणूनबुजून खोटं लिहिणं हाच त्या 1976 च्या कायद्याखाली वेगळा गुन्हा आहे.

माझी सवय सांगतो. मी फॉर्म हातात घेण्याआधी समोरच्याला कोऱ्या कागदावर सगळं लिहायला लावतो, लायसन्सवरचे दंडाचे पॉइंट्स, कॉशन, अटक, शेजाऱ्याशी झालेलं भांडण, सगळं. मग काय टाकायचं ते ठरवतो. लोक कंटाळतात, कंटाळू देत. "केस सुटली, मग कशाला सांगायचं" असंही म्हणू नका. रशक्लिफ कौन्सिलच्या 1998 च्या केसमध्ये खटल्यात दोषी न ठरलेल्या माणसाच्या आरोपांचाही विचार करायची मुभा कोर्टाने दिलीय.

दुसरी चूक, कमिटीपुढे रडगाणं. त्याच पोराने मोबाइल काढून बाळाचा फोटो दाखवायला सुरुवात केली, घराचा हप्ता आहे, गावाकडे आई आजारी आहे. कौन्सिलरांचे चेहरे मऊ झाले, नाही असं नाही, पण वकिलाने लगेच थांबवलं. त्याचं बरोबरच होतं. लीड्स कौन्सिलच्या 2002 च्या आणि चेरवेल कौन्सिलच्या 2011 च्या केसमध्ये हायकोर्टाने सांगून ठेवलंय की लायसन्स गेलं किंवा नाही मिळालं तर घरावर काय वेळ येईल हा मुद्दाच नाही, मुद्दा पॅसेंजरच्या सुरक्षेचा. तेव्हा बाळ घरी ठेवा आणि तुम्ही काय केलं, का केलं, त्यानंतर काय बदललं, एवढंच बोला.

तिसरं म्हणजे "इकडे नाकारलं तर वुल्व्हरहॅम्प्टनच्या कौन्सिलला अर्ज टाकतो". तिथून बॅज काढून दुसऱ्या शहरात प्रायव्हेट हायर (आधी बुक करायची टॅक्सी) चालवणारे ढिगाने आहेत आणि ते बेकायदा नाही, ऑपरेटर (बुकिंग घेणारी कंपनी) आणि गाडीही तिथलीच असली की झालं. पण नकार लपवायला म्हणून जाल तर फसाल. 2022 च्या कायद्यानंतर सुरक्षेच्या कारणाने दिलेले नकार आणि रद्द केलेली लायसन्स नॅशनल रजिस्टरवर टाकणं कौन्सिलला बंधनकारक आहे, नोंद 11 वर्षं राहते आणि दुसऱ्या कौन्सिलला ती आधी बघावीच लागते. शॉर्टकट सांगणारा एजंट त्याचे पैसे घेऊन मोकळा, नोंद तुमच्या नावावर.

बाकीचं पटापट.

बॅज हातात नाही आणि हप्त्यावर गाडी घेऊन बसले, उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. नका घेऊ.

स्टुडंट व्हिसावर स्वतःचा धंदा करता येत नाही आणि टॅक्सीवाला बहुतेक सेल्फ-एम्प्लॉइडच असतो, त्यामुळे एमएस करता करता टॅक्सी हे डोक्यातून काढा.

भारतातलं लायसन्स इथे बदलून मिळत नाही. टेस्ट द्या, लायसन्स 12 महिने जुनं होऊ द्या, मग या.

अठराव्या वर्षानंतर सलग तीन महिने किंवा जास्त यूकेबाहेर राहिलात तर तिथलं गुड कंडक्टचं सर्टिफिकेट लागतं, आपल्यासाठी पीसीसी, म्हणजे पोलिस क्लिअरन्स सर्टिफिकेट. एकाने सरपंचाचा दाखला आणला होता, गोल शिक्क्यासकट. चालत नाही.

गाडी चालवताना मोबाइल हातात धरल्याची शिक्षा झाली असेल तर निदान 5 वर्षं, दारू पिऊन चालवल्याची असेल तर निदान 7 वर्षं थांबावं लागतं.

डीबीएस निघाल्यापासून 30 दिवसांत डीबीएसच्या ऑनलाइन अपडेट सर्व्हिसला नाव टाका, नाहीतर सगळं पुन्हा.

बॅज मिळाल्यावर अटक झाली किंवा चार्ज लागला तर 48 तासांत कौन्सिलला कळवायचं, वकील "थांब" म्हणाला तरी.

रिन्यूअलला एचएमआरसीच्या (इथल्या इन्कम टॅक्स खात्याच्या) टॅक्स चेकचा कोड लागतो, 2022 पासून. रोख कमाई दाखवली नसेल तर तो विषय आधी मिटवा.

आणि नकार आलाच तर मॅजिस्ट्रेट कोर्टात अपील करायला 21 दिवस असतात. लेटर उघडायलाच आठवडा लावणारे महाभाग आहेत. अपील हरलात तर कौन्सिलचा खर्चही अंगावर येऊ शकतो, म्हणून आधी नकाराची कारणं नीट वाचा आणि मग टॅक्सीची कामं करणारा वकील गाठा, घर खरेदीची कागदं करणारा नको.