पडका शातो दुरुस्त करताना: छप्पर, ओल आणि चुना

फ्रान्समधल्या ल्वार नदीच्या खोऱ्यातले बरेचसे शातो, म्हणजे जुने किल्लेवजा वाडे, तुफो दगडाचे आहेत. हा पांढरट, करवतीने कापता येईल इतका मऊ चुनखडक. त्याचा जवळजवळ निम्मा भाग बारीक छिद्रांचाच असतो. तो पाणी पितो आणि सोडतो. दुरुस्तीतले बहुतेक निर्णय याच गुणावर ठरतात.

आधी कागदपत्रे. वास्तू संरक्षित असेल तर दर्जा 'क्लासे' (वर्गीकृत, कडक संरक्षण) आहे की 'आँस्क्री' (यादीत नोंदलेली, थोडे सौम्य संरक्षण), हे पाहा. क्लासे असेल तर प्रादेशिक सांस्कृतिक कार्यालयाच्या (द्राक) परवानगीशिवाय काम करता येत नाही. आँस्क्री असेल तर किमान 4 महिने आधी कळवावे लागते. अनुदान हवे असेल तर मंजुरीआधी परांची बांधू नका, पैसे बहुधा हातचे जातात. प्रत्येक कंत्राटदाराकडून दहा वर्षांच्या दायित्वाच्या विम्याचे पत्र घ्या आणि त्यात तुमचेच काम नमूद आहे ना, ते वाचा.

काम वरून खाली चालते. स्लेटच्या छपरात स्लेट शाबूत आणि लोखंडी खिळे गंजलेले, असे नेहमी आढळते. स्लेटवर बोटाने टिचकी मारा: खणखणीत वाजली तर ती पुन्हा वापरता येते, बद्द वाजली तर टाका. नव्याने बसवताना तांब्याचे खिळे किंवा स्टेनलेस स्टीलचे आकडे घ्या. दोन उतारांच्या खोबणीत शिशाचा पत्रा असतो. त्याचा एकेक तुकडा साधारण दीड मीटरच्या आत ठेवा. लांब पत्रा उन्हाने पसरतो, आकसतो आणि शेवटी फाटतो. पन्हळी वर्षातून दोनदा साफ करा. तुंबलेली एक पन्हळ ओकच्या तुळईचे टोक भिंतीतच कुजवते.

म्हणून तुळयांची भिंतीत शिरलेली टोके स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहा. लाकडातली ओल 20 टक्क्यांच्या वर असेल तर 'मेरूल' बुरशीचा धोका असतो. तिचे तंतू दगडी भिंतीतूनही पुढे सरकतात. त्यामुळे दिसते त्याच्या पुढे आणखी एक मीटरपर्यंतचे लाकूड काढावे लागते. ती सापडल्यास नगरपालिकेत कळवणे कायद्याने बंधनकारक आहे.

जोत्याभोवती घातलेला सिमेंटचा कोबा फोडा. तो जमिनीतली ओल भिंतीत ढकलतो. बाहेरची माती आतल्या फरशीपेक्षा 15 ते 20 सेंटीमीटर खाली आणा आणि उतार भिंतीपासून दूर द्या. निचऱ्याचा चर भिंतीला खेटून नको, दीड-दोन मीटर लांब हवा. पायाच्या तळापेक्षा खोल खणला तर भिंत खचते.

आता सिमेंटचा गिलावा. विसाव्या शतकातल्या दुरुस्त्यांनी तो जागोजागी फासून ठेवला आहे. ओल त्याच्यामागे अडकते, क्षार तिथेच साचून स्फटिक होतात आणि तुफोचा भुगा होतो. हातोडी-छिन्नीने काढा, यांत्रिक हातोड्याने दगडाचे तोंडच निघते. दगडांमधल्या फटीही छिन्नीने 2 ते 3 सेंटीमीटर खोल मोकळ्या करा, ग्राइंडर चिऱ्यांच्या कडा खातो.

चुन्याच्या पिशवीवर एनएचएल (पाण्याने आवळणारा नैसर्गिक चुना) 2, 3.5 किंवा 5 असे लिहिलेले असते, आकडा ताकदीचा. तुफोला 2 पुरे. 5 घेतला तर सिमेंटचाच दोष पुन्हा ओढवतो, कारण मसाला नेहमी दगडापेक्षा मऊ असावा. भिंत आदल्या संध्याकाळी भिजवा, कामाआधी पुन्हा शिंपडा. पहिला हात पातळ, खडबडीत, 1 भाग चुना आणि 2 भाग वाळू. काही दिवसांनी 15 ते 20 मिलिमीटरचा मुख्य थर, 1 भागाला अडीच ते 3 भाग वाळू. मग कमीत कमी आठवडाभर थांबून 5 मिलिमीटरचा शेवटचा हात. 5 अंशांखाली किंवा 30 अंशांवर काम बंद. उन्हात ओले तागाचे कापड टांगा, नाहीतर चुना आवळण्याआधीच सुकतो आणि हाताला भुकटी लागते. हिवाळ्यात बाहेरचा गिलावा नकोच.

आतल्या कामाची घाई इथे सर्वांत महाग पडते. ओली भिंत उघड्या बाजूने महिन्याला साधारण अडीच सेंटीमीटर वाळते. म्हणजे 80 सेंटीमीटरची भिंत दोन्हीकडून वाळायला सव्वा वर्षाहून जास्त लागते. तोवर जिप्सम बोर्ड, प्लास्टिक रंग, वॉलपेपर काहीच लावू नका. जुना रंग कोरडा घासू नका, 1949 पूर्वीच्या घरांत त्यात शिसे असण्याची शक्यता असते. आणि खोल्या एकदम तापवू नका. तापमान हळूहळू चढवले नाही तर भिंतींवरचे लाकडी फलक आणि जमिनीच्या फळ्या तडकतात.