प्रोसेसरचं व्होल्टेज वाढवताय? या चुका टाळा

“रायझन ५ ३६०० आहे, ४.३ गिगाहर्ट्झ करायचाय, व्होल्टेज किती टाकू?” एएमडीच्या या प्रोसेसरबद्दल कोणीतरी हे विचारतं आणि कोणीतरी बेधडक आकडा देतं. आकडा देणाऱ्यानं तुमची चिप पाहिलेली नसते. एकाच मॉडेलच्या दोन चिपांपैकी एक १.२५ व्होल्टवर निवांत चालते, दुसरी त्याच वेगाला १.३५ देऊनही निळा स्क्रीन दाखवते. शिवाय बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डाच्या सेटिंगमध्ये, टाकलेला आकडा चिपपर्यंत तसाच पोचतो, हा समजही चुकीचा. निम्मे घोटाळे इथेच सुरू होतात.

प्रोसेसरवर जोर आला की तो जास्त करंट ओढतो आणि व्होल्टेज थोडं खाली बसतं. याला व्हीड्रूप म्हणतात. हा मदरबोर्डाचा दोष नाही, ती मुद्दाम ठेवलेली सोय आहे. किती खाली बसू द्यायचं ते लोड-लाइन कॅलिब्रेशन, म्हणजे एलएलसी, ठरवतं. गोम अशी, की आसुसच्या बोर्डांवर एलएलसीचा आकडा जितका मोठा तितकी पकड घट्ट. एमएसआय आणि एसरॉकवर नेमकं उलट, तिथे १ म्हणजे सर्वांत कडक.

ओळखीतल्या एका इंजिनिअरिंगच्या पोरानं व्हिडिओ पाहून १.३५ व्होल्ट आणि ‘एलएलसी १’ जसंच्या तसं उचललं. व्हिडिओतल्या बोर्डावर १ म्हणजे सर्वांत सैल, याच्याकडे सर्वांत ताठ. सिनेबेंच, म्हणजे प्रोसेसरवर पूर्ण जोर आणणारी टेस्ट, लावलं की तापमान थेट ९५ अंश, म्हणजे या चिपची कमाल मर्यादाच. त्यानं थर्मल पेस्ट बदलली. पुन्हा बदलली. मग उसने पैसे घेऊन नवा कुलर आणला आणि तरी जमेना तेव्हा मशीन उचलून माझ्याकडे आला. “काका, कुलर डुप्लिकेट निघाला वाटतं.” मी सेन्सरचे आकडे दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो उघडून एसव्हीआय२ टीएफएनची ओळ दाखवली, चिपला प्रत्यक्ष मिळणारं व्होल्टेज तिथे दिसतं. पूर्ण लोडवरही व्होल्टेज १.३५ वरून हलायला तयार नव्हतं. व्हिडिओवाल्याच्या चिपला लोडवर बरंच कमी मिळत होतं, ते स्क्रीनच्या कोपऱ्यात दिसतही होतं. पण टेस्टचा तेवढा भाग या पोरानं न बघताच पुढे सरकवला होता. एलएलसी मधल्या पायरीवर आणलं, वेग ४.२ केला, व्होल्टेज उतरवत १.२६ ला थांबलो. तापमान सत्तरीत आलं. कुलरचे पैसे मात्र गेले.

त्या शंभर मेगाहर्ट्झसाठी एवढा जीव टाकण्यात काय अर्थ आहे, हे मला कधीच कळलेलं नाही. वीज आणि उष्णता व्होल्टेजच्या वर्गानुसार वाढते. १.२५ चं १.३५ केलंत की वेग तोच ठेवूनही सुमारे १७ टक्के जास्त वीज लागते. ४.२ चं ४.३ करून मिळतात अडीच टक्क्यांपेक्षाही कमी.

‘एलएलसी सगळ्यात कडक ठेवा, व्होल्टेज सपाट राहील’ हा सल्लाही सोडून द्या. जोरात वाहणारा नळ झटकन बंद केला की पाइप धडधडतो, तसं लोड एकदम उतरल्यावर व्होल्टेज क्षणभर वर उसळतं. ही उसळी ऑसिलोस्कोपवर दिसते, सॉफ्टवेअरमध्ये नाही. म्हणून मी मधल्या पायरीच्या वर जात नाही. लोडवरचं व्होल्टेज बघतो आणि ०.०१२५ च्या टप्प्यानं खाली येतो.

आणखी एक लाडका युक्तिवाद: “स्टॉकला चिप स्वतःच १.४५ घेते, मग मी १.४ फिक्स केलं तर काय बिघडलं?” बिघडतं. स्टॉकला, म्हणजे कंपनीच्या मूळ सेटिंगवर, ते १.४५ एखाद-दुसऱ्या कोअरला, थोड्या करंटवर, थोडा वेळ मिळतं. तुम्ही १.४ सगळ्या कोअरना, पूर्ण करंटवर, तासन्‌तास देणार.

व्होल्टेज ‘ऑटो’वर सोडून वेग वाढवू नका; बोर्ड स्वतःची मान सोडवायला हवं त्यापेक्षा जास्त व्होल्टेज देतो. मेमरी जास्त वेगानं चालवणारं प्रोफाइल चालू केल्यावर एसओसी व्होल्टेजही (चिपमधल्या मेमरी कंट्रोलरला मिळणारं) बघा. २०२३ मध्ये काही रायझन ७००० चिपा जळाल्यानंतर एएमडीनं त्यावर १.३ व्होल्टची मर्यादा घातली. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीचा डेस्कटॉप प्रोसेसर असेल तर आधी बायोस अपडेट करा, मग बाकीचं. जादा व्होल्टेजनं त्या चिपा झिजत होत्या. ऑगस्ट २०२४ च्या मायक्रोकोडनं (बायोस अपडेटमधून चिपला मिळणाऱ्या नव्या सूचनांनी) व्होल्टेजची मागणी १.५५ वर रोखली, पण आधीच झिजलेली चिप त्यानं दुरुस्त होत नाही.

आता व्होल्टेज कमी करणाऱ्यांबद्दल. कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये, म्हणजे रायझनच्या एकेका कोअरचं व्होल्टेज उतरवायच्या सेटिंगमध्ये, सगळ्या कोअरना उणे ३० टाकायचं, सिनेबेंच एकदा पार झालं की स्क्रीनशॉट मिरवायचा, आणि दोन दिवसांनी “यूट्यूब बघताना रीस्टार्ट होतो, पॉवर सप्लाय खराब आहे का?” म्हणून विचारायचं. नाही हो, पॉवर सप्लाय बिचारा ठीक आहे. उणे कर्व्हची परीक्षा पूर्ण लोडवर होतच नाही. एकच कोअर उंच वेगावर उडी मारतो तेव्हा होते, म्हणजे बरेचदा मशीन जवळजवळ रिकामं असताना. कोअरसायकलर नावाची टेस्ट रात्रभर लावा, एकेक कोअर तपासा. चिपचे सर्वांत चांगले कोअर सहसा सर्वांत कमी उणे सोसतात, त्यामुळे सगळ्यांना एकच आकडा देणं हा निव्वळ आळस आहे. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हीआ-लॉगरची (हार्डवेअरच्या चुकीची) नोंद दिसली की मी त्या कोअरचं उणे ३० असेल तर उणे २५ करतो आणि पुन्हा झोपायला जातो.

रायझनवर व्होल्टेज फार उतरवलं तर कधीकधी काहीच कोसळत नाही, फक्त मशीन मंद होतं. टास्क मॅनेजर ४.४ दाखवतो, सिनेबेंचचा स्कोअर मात्र पडलेला. एचडब्ल्यूइन्फोमधला ‘इफेक्टिव्ह क्लॉक’ बघा, खरा वेग तिथे कळतो.

व्होल्टेज आणि मेमरीचा वेग एकाच दिवशी बदलू नका. बदल करण्याआधी बायोसच्या प्रत्येक पानाचा फोटो काढा, आणि बायोस मूळ सेटिंगवर आणणारा क्लिअर सीमॉसचा जंपर बोर्डावर कुठे आहे ते स्क्रीन काळा पडायच्या आधी शोधून ठेवा. डिसेंबरात बसवलेली सेटिंग अकोल्या-नागपूरच्या मे महिन्यात टिकेलच असं नाही, तेव्हा एक पायरी हातची राखा. आणि बोर्ड ए३२० किंवा ए५२० चिपसेटचा असेल तर वेग वाढवायचा विचारच सोडा. एएमडीनं त्यांना ओव्हरक्लॉकिंग दिलेलंच नाही.