गीझर घेताना आणि वापरताना या चुका टाळा

आमच्या घरी गीझर यायच्या आधी तांब्याचा बंब होता. त्यात बिघडण्यासारखं काही नव्हतंच. चिंचेनं घासला, खालची राख काढली, झाली सर्व्हिसिंग. गीझरचं तसं नाही, हे कळायला मला दोन गीझर भंगारात घालावे लागले. दोन वेगळ्या कंपन्यांचे, दोन्ही नावाजलेल्या. चूक कंपन्यांची नव्हती, माझीच होती.

पाणी न बघता कंपनी ठरवणं

रॅकोल्ड घ्यावा की ए. ओ. स्मिथ, बजाज की व्ही-गार्ड, यावर आपण तासभर वाद घालतो. बाथरूमच्या नळाला पाणी कुठलं येतं, हे मात्र कुणी विचारत नाही. नुसतं नदीचं पाणी येत असेल तर बरेच गीझर निभावून नेतात. आमच्यासारखं अपार्टमेंटच्या टाकीत बोअरचं पाणी मिसळत असेल तर हिशेब बदलतो. असं पाणी तापलं की त्यातला चुना एलिमेंटवर, म्हणजे पाणी तापवणाऱ्या कॉइलवर, बसतो. मग पाणी उशिरा तापतं, आतून तडतड आवाज येतो आणि शेवटी एलिमेंट जळतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची, म्हणजे पाणी किती जड असावं याची, मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आहे. दुसरी सोयच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात. आपलं पाणी एकदा तपासून घ्या. तेही नको असेल तर नळाच्या तोंडाशी पांढरा थर साचतो का, साबणाला फेस येतो का, एवढं तरी बघा.

पाणी जड असेल तर आतून काचेसारखं इनॅमल दिलेली टाकी घ्या. एलिमेंटवरही तसाच थर असेल तर उत्तम. थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी किती तापू द्यायचं ते ठरवणारा भाग, 60 अंशांच्या वर नेऊ नका, कारण पाणी जितकं जास्त तापवाल तितका चुना जास्त धरतो. लेबलवरचे तारे बघून घेत असाल तर एक लक्षात ठेवा: ते वीज किती वाया जाते ते सांगतात, गीझर किती वर्षं टिकेल ते नाही.

अॅनोड रॉड विसरणं

माझी खरी चूक ही. तिसरा गीझर बसवायला आलेल्या पोरानं आधी जुना खोलला. खालचे बोल्ट काढले तसा ओंजळभर पांढरा चुरा फरशीवर पडला. मग त्यानं एक वाकडी तार माझ्यासमोर धरली. "काका, ह्यो रॉड कधी बदललासा?" मी म्हटलं, "कुठला रॉड?" तो नुसता हसला.

नवा असताना तो अंगठ्याएवढा जाड मॅग्नेशियमचा दांडा असतो. इनॅमलला कुठं बारीक चीर असली तर तिथलं लोखंड गंजण्याऐवजी हा दांडा झिजतो. माझ्या हातात होतं ते चोखून टाकलेल्या उसाच्या चिपाडासारखं, मधली तार तेवढी शिल्लक. दांडा संपला की टाकीची पाळी येते, आणि टाकी फुटली की दुरुस्ती नाही. बोअरच्या पाण्यावर दरवर्षी खोलून बघा. गरम पाणी तांबूस येऊ लागलं तर तेवढंही थांबू नका.

सर्व्हिसिंगला जागा न ठेवणं

फॉल्स सीलिंग करताना गीझर आत झाकून टाकणारे पुष्कळ आहेत. दिसायला छान. पण बऱ्याच गीझरचं एलिमेंट खालून निघतं, आणि खाली हातभर जागा नसेल तर पोरगं आख्खा गीझर उतरवतं नाहीतर हात वर करून निघून जातं.

वॉरंटीचा एकच आकडा वाचणं

खोक्यावरचा मोठा आकडा बहुतेक वेळा फक्त टाकीचा असतो. एलिमेंटचा वेगळा, बाकी मशीनचा आणखी वेगळा. दुकानदाराला आधी विचारा की ह्या मॉडेलचं एलिमेंट आणि थर्मोस्टॅट आमच्या कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीच्या बाजारात सुटं मिळतं का. "कंपनीकडनं मागवावं लागेल" हे उत्तर आलं तर मी तरी तो घेणार नाही, नाव कितीही मोठं असो. अॅपवर चालणाऱ्यापेक्षा साधा फिरवायचा थर्मोस्टॅट मला बरा वाटतो.

बिघाड चुकीचा ओळखणं

चालू केल्याबरोबर एमसीबी, म्हणजे जास्त वीज वाहिली की लाइन तोडणारा स्विच, पडत असेल तर तो पुन्हा पुन्हा वर करू नका. बहुतेक एलिमेंट शॉर्ट झालेलं असतं. अंगाला मुंग्या आल्यासारखं वाटलं तर वापर तिथंच थांबवा आणि अर्थिंग तपासा. 2000 वॅटचा गीझर जवळपास 9 अँपिअर ओढतो, त्याला 16 अँपिअरचाच पॉइंट हवा.

आणि सगळ्यात जास्त गैरसमज सेफ्टी व्हॉल्व्हबद्दल. पाणी तापलं की फुगतं. 15 लिटरच्या टाकीत ते साधारण पेलाभर जास्त होतं, आणि तेवढंच व्हॉल्व्हच्या नळीतून थेंब थेंब बाहेर येतं. गीझर बंद असतानाही धार लागली तर व्हॉल्व्ह खराब किंवा पाण्याचा दाब जास्त. एरवी हे गळणं चांगलंच. आमच्या वरच्या मजल्यावरच्या आप्पांनी "गळतंय" म्हणून त्या नळीत लाकडी खुंटी ठोकली होती. तो दाब मग टाकीवरच येतो, हे ऐकून त्यांनी लगेच स्विच बंद केला. पाणी निवल्यावर खुंटी काढली. आता त्या नळीखाली मग ठेवलाय, आणि साठलेलं पाणी रोज तुळशीला जातं.