माझ्यानंतर ही छपरी कोणाची: एका वाढयाची (सुताराची) तयारी

बाबांच्या तेरवीला आमच्या घरामागच्या सांदवाडीत तीन चुली मांडल्या होत्या. भादव्याचे दिवस, जळतण सगळं ओलं. कोणीतरी कामाच्या छपरीत शिरलं, आढ्याला टांगलेला पातळ फळ्यांचा गठ्ठा काढला आणि चुलीत घातला. पन्नास-साठ वर्षं वाळलेला साग, भराभरा पेटला. त्या फळ्या म्हणजे आमचे फर्मे, आकार आखून घ्यायचे नमुने होते. बंडीच्या चाकाच्या पुठ्ठ्याचा, म्हणजे गोल कडेच्या तुकड्याचा, तिफणीच्या दिंडाचा, म्हणजे दाते बसतात त्या आडव्या लाकडाचा, तान्ह्या पोळ्याला पोरं ओढतात त्या लाकडी नंदीच्या मानेचा आणि वशिंडाचा. आजोबांनी काढलेले, बाबांनी दुरुस्त केलेले. मी ओसरीत पाहुण्यांत बसलो होतो. मला कळलं तेव्हा भात उतरवून झाला होता.

जाळणाऱ्याची चूक नव्हती. त्या फळ्यांवर ना नाव होतं ना खूण, आणि त्या कशाच्या आहेत हे बाबांनी माझ्याशिवाय कोणालाच सांगितलं नव्हतं. पुठ्ठ्याचा फर्मा मी पुढं एका जुन्या चाकावरून माप घेऊन पुन्हा काढला. आजोबांच्या नंदीची मान मात्र आजवर तशी जमली नाही.

आता मी ६४ वर्षांचा आहे. मागच्या साली नागपूरला दोन स्टेंट बसवले, आणि दवाखान्यातून घरी आलो त्याच आठवड्यात एक दोनशे पानी वही आणली. आमचं गाव आर्वी तालुक्यातलं, पण हे लिहितो ते हातानं काही घडवणाऱ्या कोणाहीसाठी. वाढई, लोहार, कासार, बुरूड, कोष्टी, मूर्ती करणारे, सगळ्यांसाठी. आपल्या घरी शेताची वाटणी काय होईल ते शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. छपरीतल्या मालाचं काय होईल ते मात्र कोणी विचारत नाही, आणि मग सगळं भंगारवाल्याच्या काट्यावर जातं.

सुरुवात दसऱ्याला करा. त्या दिवशी पूजेसाठी सगळी हत्यारं तशीही बाहेर निघतात, पुसली जातात, ओळीनं मांडली जातात. उन्हाळ्यात करायला जाल तर मृगाच्या आधी वखर-डवऱ्यांची दुरुस्ती अंगावर असते, पोळ्याच्या आधी नंदीची घाई. दसऱ्याला मांडलेली ओळ उचलायच्या आधी नातीला मोबाईलवर फोटो काढायला लावा, प्रत्येक हत्याराला ऑइल पेंटनं बारीक आकडा घाला आणि तोच आकडा वहीत लिहा. त्यापुढं तीनच गोष्टी लिहायच्या: हे काय आहे, कोणाकडून आलं, कोणाला द्यायचं. तिसरा रकाना पहिल्या वर्षी रिकामा राहिला तरी चालेल. माझे तेव्हा अर्ध्याहून जास्त रिकामे होते.

पण मोजणीच्याही आधी एक काम उरका. छपरीत असलेलं पण आपलं नसलेलं सामान बाजूला काढा. कोणी पोरीच्या लग्नाच्या पलंगासाठी शिसम आणून टाकलेलं असतं, कोणाची दमणी, छोटी बैलगाडी, दुरुस्तीला आलेली असते, कोणी नंदीसाठी इसार देऊन ठेवलेला असतो. आपण गेलो की हे सगळं घरच्यांना आपलंच वाटतं. गावात मग माणूस गेल्यावर त्याच्या नावानं बोभाटा होतो, आणि तो ऐकायला लागतो बायकोला. अशा प्रत्येक लाकडावर मी मालकाचं नाव खडूनं नाही, रंगानं घातलं. त्याच पानावर उधारीही लिहिली, देणं वर आणि घेणं खाली. कारागिरांसाठीच्या पीएम विश्वकर्मा योजनेतून किंवा बचत गटातून कर्ज घेतलं असेल तर त्याचे कागद याच वहीत ठेवा.

आता फर्मे. इथं घाई करू नका, कारण हत्यार बाजारात पुन्हा मिळतं, फर्मा मिळत नाही. प्रत्येक फर्म्यावर तो कशाचा, कोणत्या बाजूनं लावायचा आणि लाकूड कोणतं घ्यायचं, एवढं पेन्सिलीनं नव्हे तर तापल्या खिळ्यानं डाग देऊन लिहा. मग जाड कागदी पुठ्ठ्यावर त्याची दुसरी प्रत काढा आणि ती दुसऱ्या घरी ठेवा. माझी प्रत मोठ्या मुलीकडे अमरावतीला आहे. एवढ्यानंही भागत नाही. फर्मा आकार सांगतो, रीत सांगत नाही. चाकावर चढवायची लोखंडी पट्टी, म्हणजे धाव, चाकाच्या घेरापेक्षा किती आखूड ठेवायची, गोवऱ्यांच्या आगीत ती कोणत्या रंगाला आली की उचलायची, पाणी कोणत्या बाजूनं आधी घालायचं म्हणजे ती सारखी आवळते, हे कोणत्याही फळीवर लिहिलेलं नसतं. सोयाबीन आलं तेव्हा ओळींचं अंतर १८ इंच झालं आणि तिफणीच्या दिंडावरची भोकं नव्यानं आखावी लागली. ती आम्ही कशी आखली, हेही माझ्या डोक्यातच होतं. म्हणून नातीला समोर बसवून मी काम करत करत बोलत गेलो आणि तिनं व्हिडिओ काढले. ती मधे मधे विचारायची, "आबाजी, हे असंच काहून?" तिच्या त्या काहूनमुळे जे बाहेर आलं ते मी आपणहून कधी सांगितलं नसतं. तुम्हीही समोर जाणकार नको, विचारणारं पोर बसवा.

लाकडाच्या साठ्याकडे घरच्यांचं लक्ष सगळ्यात आधी जातं, कारण त्याला पैसा येतो. चंद्रपूर-गडचिरोलीच्या सागाचं नाव आता सगळीकडे झालं आहे, अयोध्येच्या मंदिरासाठी २०२३ साली इथूनच साग गेला. पण कागद नसलेला साग वारसाच्या गळ्यात धोंड होऊन बसतो. वन खात्याच्या डेपोच्या लिलावात घेतलेल्या ओंडक्यावर हातोड्याची निशाणी असते. आरा मशीनवर तो चिरला की निशाणी जाते आणि फळी मुकी होते. म्हणून बिल आणि वाहतूक परवाना, ज्याला आपण टीपी म्हणतो, त्याच्या प्रती फाईलला लावा आणि कोणत्या बिलाच्या फळ्या कोणत्या थप्पीत आहेत ते थप्पीवरच लिहा. उद्या पोराला तो साग विकायचा किंवा गाडीत घालून न्यायचा झाला तर ही फाईलच कामी येईल. बाभूळ आणि तिवस वाळवायला टाकलेले असतील तर ते कोणत्या साली कापले तेही लिहा. चाकाच्या मधल्या तुंब्यासाठी वाळवलेली जुनी बाभूळ आणि कालची ओली बाभूळ यांतला फरक मुलाला बाहेरून कळणार नाही.

यानंतरचं काम जड आहे: घरच्यांशी बोलणं. माझा मुलगा पुण्याला कंपनीत आहे आणि तो हा धंदा करणार नाही. त्याबद्दल माझ्या मनात काही नाही. पंधरा वर्षं माझ्या हाताखाली काम केलेला एक पोरगा आहे, आता तोच बंड्या आणि नंदी करतो, मी बसून सांगतो. हत्यारं त्यालाच गेली पाहिजेत. मी हे पहिल्यांदा काढलं तेव्हा लहान मुलगी रडली. "बाबा, असं अशुभ काहून बोलता?" मी तिला फर्म्यांची गोष्ट सांगितली. ती तेव्हा सात वर्षांची होती, तिला ती चूल आठवत होती, पण त्या चुलीत काय जळत होतं ते तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. त्यानंतर ती स्वतः वही घेऊन बसली. बोलणं एकेकाशी वेगळं करू नका. सगळे एकत्र असतील अशा दिवशी करा, आम्ही महालक्ष्म्यांच्या जेवणानंतर केलं. आणि प्रत्येकाला विचारा, तुला यातलं आठवण म्हणून काय हवं? मुलानं गुण्या, काटकोन बघायचं हत्यार, मागितला. कामाचा नाही, तुटक्या पात्याचा, ज्यावर लहानपणी तो रेघा मारायचा. असं काही मागेल हे मला कधीच सुचलं नसतं.

बोलणं झालं तरी कागद लागतोच. तालुक्याच्या वकिलाकडून मी समजून घेतलं ते सांगतो. मृत्युपत्र नसेल तर १९५६च्या हिंदू वारसा कायद्यानं स्वकष्टाची मिळकत बायको, मुलगे, मुली आणि हयात असेल तर आई यांत सारखी वाटली जाते. हाताखालच्या माणसाला त्यात काही नाही, मग त्यानं पंधरा वर्षं घालवलेली असोत की तीस. वडिलोपार्जित जागेत २००५पासून मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, आणि अशा जागेतला आपला हिस्सा तेवढा आपण मृत्युपत्रानं देऊ शकतो, पूर्ण जागा नाही. मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं, मुद्रांक लागत नाही. आपली सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. नोंदणी सक्तीची नाही, पण मी दुय्यम निबंधकाकडे करून घेतली आणि डॉक्टरांचा दाखला जोडला. साक्षीदार आपल्याहून तरुण घ्या, आणि ज्याला काही मिळणार आहे तो साक्षीदार नको. त्यात "छपरीतलं सगळं सामान" एवढंच लिहू नका. वहीचा उल्लेख करा आणि वहीच्या प्रत्येक पानावर सही करा.

छपरीची जागा कोणाच्या नावावर आहे ते ग्रामपंचायतीच्या नमुना ८च्या उताऱ्यावर बघून घ्या. आमची बाबांच्याच नावावर राहिली होती आणि विजेचं मीटर आजोबांच्या. ती नावं बदलायला मला दोन वर्षं खेटे घालावे लागले. बँकेत नामनिर्देशन करा, आता खात्याला चार जणांपर्यंत नावं देता येतात, पण नॉमिनी म्हणजे वारस नव्हे हे घरात सांगून ठेवा.

मात्र कायद्यातली एक गोष्ट मला सगळ्यात कामाची वाटली. जंगम वस्तू हातात देऊन टाकली की ते बक्षीस पूर्ण होतं, त्यासाठी नोंदणी लागत नाही. म्हणजे रंधा, पटाशी, वाकस, गिरमिट यांसाठी मरणाची वाट पाहायचं कारण नाही. मी यंदाच्या दसऱ्याला घरच्यांसमोर अर्धी हत्यारं त्या पोराच्या हातात दिली आणि वहीत तारीख घातली. तो घेईना. "काकाजी, तुमी हाय तोवर राहू द्या ना." मी म्हटलं, मी आहे तोवरच घे, म्हणजे धार कशी लावतोस ते मला बघता येईल.

राहिला संग्रह. मी चाळीस वर्षांत ४१ जुने लाकडी नंदी जमवले. काही वाडे पाडताना मिळाले, काही लोकांनी नवा घेताना जुना टाकून दिला. त्यासोबत पायल्या, कुडो ही धान्य मोजायची मापं, कोरीव चौकटींचे तुकडे. अशा वस्तूंची किंमत वस्तूत निम्मी आणि माहितीत निम्मी असते. कोणत्या गावचा, कोणाच्या घरचा, चाकं मूळची की मागून लावलेली, हे चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी सुतळीनं बांधा, चिकटवू नका. नवा रंग तर मुळीच देऊ नका, जुन्या रंगाच्या थरांवरूनच वय कळतं. खाली पिठासारखा भुसा पडत असेल तर भुंगा लागला आहे. तो नग लगेच वेगळा करा, नाहीतर वर्षभरात सगळी रांग पोखरली जाते. गाडी घेऊन जुन्या वस्तू विकत घेणारे फिरतात, त्यांच्याबद्दल घरात बजावून ठेवा. १०० वर्षांवरची वस्तू पुरावस्तू ठरते आणि ती कोणाला खाजगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही. दुःखाच्या घरात पहिल्या महिन्यात काहीही विकायचं नाही, असं मी वहीच्या पहिल्याच पानावर लिहिलं आहे.

संग्रहालयाला द्यायचं मनात असेल तर आधी जाऊन बघून या. वर्ध्याचं मगन संग्रहालय गांधीजींनी १९३८ साली मगनलाल गांधींच्या स्मरणार्थ उभं केलं, ते ग्रामोद्योगांचंच आहे. नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय, आपला अजब बंगला, १८६३पासूनचं. तुमच्या वस्तू कोणाच्या कामाशी जुळतात ते बघा आणि घेणार का ते हयातीत विचारा. पुण्याच्या दिनकर केळकरांनी आयुष्यभर जमवलेला संग्रह १९७५ साली, स्वतः असताना, सरकारच्या हवाली केला, म्हणून तो एकत्र राहिला. सगळं कायम मांडूनच ठेवा अशी अट घालू नका, जागा कोणाकडेच तेवढी नसते. नाही म्हणाले तर वाईट वाटून घेऊ नका. मी चार नंदी गावच्या शाळेला द्यायचे ठरवले आहेत, तान्ह्या पोळ्याला ज्या घरी नंदी घ्यायची ऐपत नाही तिथलं पोर शाळेतला घेऊन जाईल. नंदी ओढायला केलेला आहे, काचेत ठेवायला नाही, हे माझं मत. बाकी ३७चं ठरायचं आहे.

कोणतं स्विच कोणत्या मशीनचं ते स्विचपाशी, आणि कोणत्या डब्यात थिनर, कोणत्यात किड्यांचं औषध, ते डब्यावरच मोठ्या अक्षरात लिहा. कुलपांच्या किल्ल्या एका कड्यात घाला.

आणि काय जाळायचं तेही ठरवून ठेवा. तेरवीच्या सयपाकाला लाकूड लागणारच, पाऊस असेल तर छपरीतलंच निघेल. सांदवाडीच्या मागच्या भिंतीला लागून मी मोडके दांडे, किडलेल्या फळ्या आणि बाभळीच्या ढलप्या रचून वर दोन टिनं टाकली आहेत. त्या ढिगाच्या दोन्ही बाजूंना चुन्याचा पट्टा मारला. परवा सुनेला नेऊन दाखवलं. "सूनबाई, चुना दिसला की खुशाल घ्यायचं, बाकी कशाला हात लावू द्यायचा नाही." ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मामाजी, टिन थोडं पुढं ओढा, ह्या कोपऱ्यातून गळते." आम्ही दोघांनी ते ओढून घेतलं.