आउसबिल्डुंग संपत आली? जर्मनीतला पुढचा परवाना असा मिळवा

मी मूळचा कराडचा. आयटीआय फिटर करून इथे आलो, बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये हीटिंग-प्लंबिंगची साडेतीन वर्षांची आउसबिल्डुंग, म्हणजे कंपनीत काम करत शिकायचं प्रशिक्षण, पूर्ण केलं आणि आता त्याच कामात गेझेले, म्हणजे परीक्षा पास झालेला कारागीर आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने या राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून गावाकडचे फोन वाढलेत. यायचं कसं, हे सगळेच विचारतात. शिकून झाल्यावर राहायचं कसं, हे फार थोडे विचारतात. शेवटच्या वर्षात असलेल्या पोरापोरींसाठी हे लिहितोय.

तुमचं आत्ताचं राहण्याच्या परवान्याचं कार्ड निवास कायद्याच्या कलम १६ए खालचं आहे आणि ते आउसबिल्डुंगला बांधलेलं आहे. कार्डावर पुढची तारीख दिसते म्हणून निवांत राहू नका. प्रशिक्षण कायद्याच्या कलम २१ प्रमाणे, करारात ३१ ऑगस्ट लिहिलेलं असलं तरी परीक्षा मंडळाने जूनमध्येच पास जाहीर केलं, तर करार त्याच दिवशी संपतो. दुसऱ्या दिवशी तुम्ही नेहमीसारखे कामावर गेलात आणि कोणी काही न ठरवता तुम्हाला कामाला लावलं, तर कलम २४ प्रमाणे बेमुदत नोकरी सुरू झाली असं धरतात. कंपनीशी असलेलं नातं त्याने टिकतं, परवान्याचा प्रश्न मात्र सुटत नाही. त्यासाठी लेखी करारच लागतो.

म्हणून खरं काम निकालाच्या आधीच्या सहा महिन्यांत करायचं असतं. त्याआधी प्रशिक्षणानंतर याच कंपनीत राहीन असं बांधून घेणारा कागद कोणी सही करून घेतला असेल, तर कायद्याने तो रद्दबातल आहे. शेवटच्या सहा महिन्यांत मात्र दोन्ही बाजूंना नोकरीचा करार करता येतो. तेव्हा माइस्टरला, म्हणजे तुम्हाला शिकवणाऱ्या वरिष्ठ कारागिराला, सरळ विचारा: मला ठेवणार का, कोणत्या पदावर, किती पगारावर? आपल्याकडे साहेब स्वतःहून बोलतील म्हणून वाट बघायची सवय असते. इथे विचारणं उद्धटपणा समजत नाहीत, आणि नकार मिळालाच तर दुसरीकडे शोधायला तुमच्या हातात वेळ राहतो.

करार हातात आला की सही करण्याआधी नीट वाचा. तुम्हाला हवा असलेला परवाना निवास कायद्याच्या कलम १८ए चा, शिकलेल्या कारागिराचा. त्यासाठी काम कुशल पातळीचं असावं लागतं. पदासमोर ‘हेल्फर’, म्हणजे मदतनीस, असं लिहिलं असेल तर अर्ज अडकतो, मग तुम्ही कितीही हुशार असा. पगार त्याच कामाच्या जर्मन माणसापेक्षा कमी नको, कारण आगेंटूर फ्युअर आर्बाइट, म्हणजे इथलं रोजगार कार्यालय, नेमकं तेच तपासतं. आणि तिसरी गोष्ट, जिच्यात आपली मुलं फार फसतात: लायआर्बाइट. एजन्सी तुम्हाला नोकरीवर घेते आणि दुसऱ्या कंपनीत कामाला पाठवते. पगाराचा आकडा कधी कधी चांगला दिसतो, पण अशा नोकरीला रोजगार कार्यालयाने संमती नाकारायची असं कायद्यातच लिहिलंय. जाहिरात एजन्सीची आहे का, हे पहिल्या फोनलाच विचारून घ्या.

नोव्हेंबर २०२३ पासून एक दार उघडलंय. शिकलात त्याच धंद्यात नोकरी हवी ही अट राहिली नाही. काम कुशल पातळीचं असलं आणि त्या व्यवसायाला वेगळा सरकारी परवाना लागत नसला, की चालतं. बेकरी शिकलेल्याला दुसऱ्या कारखान्यात तशा पदावर घेतलं तर अर्ज करता येतो.

कागद असे जमवा: नवा करार, मालकाने भरून दिलेला नोकरीच्या माहितीचा फॉर्म, हांडवेर्क्सकामर (कारागिरांचं मंडळ) किंवा आयएचकेचं (उद्योग-व्यापार मंडळ) परीक्षेचं प्रमाणपत्र, बेरूफ्सशुलेचं (व्यवसाय शाळा) गुणपत्रक, आरोग्य विम्याचा दाखला, घराचा भाडेकरार. जुन्या कंपनीकडून कामाचा दाखलाही मागा. तो देणं त्यांना बंधनकारक आहे आणि तुम्ही मागितलंत तर त्यात तुमच्या कामाबद्दल आणि वागणुकीबद्दलही लिहावं लागतं. पासपोर्ट संपत आला असेल तर आधी तो नवा करा, कारण परवान्याची मुदत त्याच्यापुढे जात नाही.

अर्ज आउसलेंडरबेह्योर्डेत, म्हणजे परदेशी लोकांच्या परवान्यांच्या कार्यालयात, जुनं कार्ड संपण्याआधी पोहोचलाच पाहिजे. अपॉइंटमेंट मिळत नसेल तर लेखी पाठवा आणि पाठवल्याचा पुरावा ठेवा. वेळेत अर्ज केला की निर्णय होईपर्यंत जुना परवाना चालू धरतात आणि त्याचा फिक्सिओन्सबेशाइनिगुंग नावाचा कागद देतात. पण त्यामुळे नवं काम करायला आपोआप मोकळीक मिळत नाही. त्या कागदावर नोकरीबद्दलची ओळ शोधा, नसेल तर ती लिहून मागा, आणि मालकालाही दाखवा.

नोकरी मिळालीच नाही तर निवास कायद्याचं कलम २० आहे. इथे आउसबिल्डुंग पूर्ण केलेल्याला नोकरी शोधायला १२ महिन्यांपर्यंत मिळतात आणि त्या काळात कुठलंही काम करता येतं, अगदी गोदामातलंसुद्धा. खर्च भागतोय हे मात्र दाखवावं लागतं. प्रशिक्षणात तुमच्या पगारातून बेकारी विम्याची वर्गणी कापलेली असते. त्यातून मिळणारा भत्ता तुमच्या हक्काचा आहे, घ्यायला लाजू नका. हा परवाना १२ महिन्यांपुढे वाढत नाही. म्हणून माझा आग्रह असा की बरी नोकरी समोर असेल तर थेट १८ए घ्या. कायम वास्तव्यासाठी कारागिराच्या परवान्यावरची दोन वर्षं मोजतात, शोधाचे महिने नाही. इथे शिकल्यामुळेच ती दोन वर्षं आहेत, बाहेरून शिकून आलेल्याला तीन लागतात. सोबत पेन्शन विम्यात भरलेले २४ महिन्यांचे हप्ते आणि बी१ पातळीचं जर्मन लागतं.

परीक्षेत नापास झालात तर घाबरू नका. मागणी केली की करार पुढच्या परीक्षेपर्यंत, जास्तीत जास्त एक वर्ष, वाढतो, आणि परीक्षा दोनदा पुन्हा देता येते. करार वाढवल्याचा कागद घेऊन लगेच १६ए वाढवून घ्या.

नव्या नोकरीत गेल्यावर कंपनी बदलायची झाली तर आधी आउसलेंडरबेह्योर्डेला विचारा. पहिल्या दोन वर्षांत बहुतेक वेळा संमती लागते. आणि नोकरी सुटलीच, तर कळल्यापासून दोन आठवड्यांत त्यांना कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे. ईमेल चालतो, फक्त त्याची प्रत जपून ठेवा.