रोटरी इंजिनाचे सेन्सर तपासताना : नवोदितांसाठी काही अनुभव

वर्धा जिल्ह्यातील एका शेडमध्ये आम्ही माझदाचे १३बी हे दोन रोटरचे (पिस्टनऐवजी तीन कोनांचे रोटर फिरणारे) इंजिन स्टँडवर चालवतो. ते घरी बांधल्या जाणाऱ्या एका दोन आसनी विमानासाठी आहे. उड्डाणाची परवानगी हा नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडचा स्वतंत्र विषय असल्याने येथे जमिनीवरील चाचण्यांपुरतेच लिहितो. आयटीआय किंवा तंत्रनिकेतनातून येणाऱ्या मुलांचा मोटारीच्या इंजिनावर हात बसलेला असतो, परंतु गेजवरचा आकडा केव्हा खरा मानायचा आणि केव्हा नाही, हे त्यांना येथे आल्यावरच शिकावे लागते.

पहिली तपासणी इंजिन सुरू करण्यापूर्वीची आहे आणि तिला काही खर्च नाही. रात्रभर थंड झालेल्या इंजिनावर कूलंट, तेल आणि एक्झॉस्ट या तिन्हींचे तापमान सकाळी शेडमधील साध्या तापमापकाशी जवळपास जुळले पाहिजे. एकच आकडा वेगळा असेल तर दोष त्याच्या सेन्सरमध्ये किंवा वायरीत शोधावा; सगळेच आकडे एका दिशेने सरकलेले असतील तर अर्थिंग किंवा गेजचा वीजपुरवठा पाहावा.

इंजिन चालू असताना आकडा किती आहे यापेक्षा तो कसा बदलला याकडे लक्ष द्यावे. ओतीव लोखंडाच्या बाजू, ॲल्युमिनियमची रोटर हाउसिंग आणि आत फिरणारे कूलंट यांचे तापमान एका क्षणात वीस अंशांनी वाढू शकत नाही. त्यामुळे काटा उडी मारून वर गेला आणि तसाच परत आला, तर कारण बहुधा विजेचे असते. उलट काटा संथपणे, न थांबता चढत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवून थ्रॉटल कमी करावे आणि इंजिन बंद करावे. ‘सेन्सरच खराब असेल’ हे वाक्य चालू इंजिनाजवळ उभे राहून बोलण्याचे नाही.

आमच्याकडे सर्वाधिक वेळ खाणारा दोष अर्थिंगचा होता. इंधनपंप आणि दिवे सुरू केले की कूलंट व तेल यांची तापमाने एकदम वर सरकत, आणि भार काढला की खाली येत. तापमानाचे हे सेन्सर एका वायरीचे होते, म्हणजे त्यांचा परतीचा मार्ग इंजिनाच्या ब्लॉकमधून जात होता. अल्टरनेटरचा प्रवाहही त्याच अर्थिंगच्या पट्टीतून ब्लॉककडे परतत होता. पट्टीच्या लगाखाली (टोकाच्या धातूच्या कडीखाली) पावसाळ्यात हिरवट थर धरल्याने ब्लॉक आणि गेज यांच्या शून्यातच फरक पडत होता. उष्णता वाढली की सेन्सरचा रोध कमी होतो आणि गेजला कमी व्होल्टेज दिसते. ब्लॉकचे व्होल्टेज खाली गेल्यानेही गेजला नेमके तेच दिसत होते. म्हणून सर्व भार चालू ठेवून ब्लॉक आणि बॅटरीचे ऋण टोक यांच्यामध्ये मल्टीमीटर लावावा. ०.२ व्होल्टपेक्षा अधिक फरक दिसला तर सेन्सर बदलण्याची घाई करू नये. लग उघडून, रंग खरवडून, धातू स्वच्छ करून पुन्हा आवळावा. फायबरच्या विमानात सांगाडा वीज वाहून नेत नाही, म्हणून तेथे परतीची स्वतंत्र वायर ओढावीच लागते.

एक्झॉस्टच्या तापमानाची गोष्ट निराळी आहे. रोटरी इंजिनाचा एक्झॉस्ट पिस्टन इंजिनापेक्षा अधिक तप्त असतो आणि पूर्ण शक्तीवर ९०० अंश सेल्सिअसच्या पुढे जाऊ शकतो. तेथील के प्रकारचा थर्मोकपल (दोन वेगळ्या धातूंच्या तारांच्या जोडातून तापमानानुसार व्होल्टेज देणारा सेन्सर) दर अंशाला सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट एवढाच संकेत देतो. वायर कमी पडली म्हणून साधी तांब्याची वायर जोडली, आणि जोड ८० अंशांवर व गेज ४० अंशांवर असेल, तर वाचन सुमारे चाळीस अंशांनी कमी येते. अमेरिकन रंगसंकेतात या थर्मोकपलची लाल वायर ऋण असते. आपल्याकडे लाल म्हणजे धन असे गृहीत धरणाऱ्या हातांकडून येथे हमखास उलटी जोडणी होते. दोन रोटरपैकी एकाचेच वाचन विचित्र असेल तर दोन्ही प्रोबची (थर्मोकपलच्या दांड्यांची) अदलाबदल करावी. दोष प्रोबबरोबर गेला तर प्रोब बदलावा, जागेवरच राहिला तर गेजच्या टोकाला वायरी अदलून पाहाव्यात, आणि तरीही तोच रोटर वेगळा दिसला तर त्याचा इंजेक्टर व प्लग तपासावेत. प्रोब नेहमी इंजिन थंड झाल्यावरच काढावा, हे उन्हाळ्यात वेगळे सांगावे लागते.

आरपीएमचा गोंधळ लवकर सुटतो. तीन कोनांचा रोटर एकदा फिरतो तेव्हा एक्सेंट्रिक शाफ्ट (इंजिनाचा मुख्य दांडा) तीनदा फिरतो. टॅकोमीटर शाफ्टचे फेरे मोजतो आणि गिअरबॉक्समुळे विमानाचा पंखा (प्रॉपेलर) त्याहून सावकाश फिरतो. माझदाच्या आरएक्स-७ या मोटारीच्या नंतरच्या प्रज्वलन व्यवस्थेत लीडिंग (आधी पेटणाऱ्या प्लगची) कॉइल शाफ्टच्या प्रत्येक फेऱ्यात दोनदा ठिणगी देते, तर प्रत्येक ट्रेलिंग (मागून पेटणाऱ्या प्लगची) कॉइल एकदाच. टॅकोमीटर नेमका निम्मा किंवा दुप्पट आकडा दाखवत असेल तर संकेत कोणत्या कॉइलवरून घेतला आहे ते पाहावे.

कूलंटच्या सेन्सरची एक मर्यादा मात्र जिवावर बेतू शकते. होज फुटून कूलंट निघून गेले तर सेन्सर वाफेत किंवा हवेत उघडा पडतो आणि इंजिन जळत असताना वाचन उलट खाली येऊ शकते. म्हणून तापमानाच्या जोडीला कूलंटच्या दाबाचा सेन्सर असावा, असे माझे ठाम मत आहे. या इंजिनावर एखादेच जादा गेज परवडत असेल तर ते हेच घ्यावे. रोटरमधील उष्णता तेलही वाहून नेते, त्यामुळे तेलाच्या तापमानाला दुय्यम समजू नये.

हवा-इंधनाचे मिश्रण दाखवणारा ऑक्सिजन सेन्सर शिसेयुक्त विमानइंधनाने लवकर खराब होतो, आणि रोटरचे सील वंगित ठेवण्यासाठी या इंजिनात जळणारे तेलही त्याला मानवत नाही. पंपावरचे ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेले) पेट्रोल वापरत असाल तर हवा-इंधनाचे योग्य प्रमाण १४.७ नसून साधारण १३.५ असते, म्हणून गेज लॅम्बडावर (इंधन कोणतेही असो, योग्य प्रमाणाला १ दाखवणाऱ्या मापावर) ठेवलेले बरे.

नोंदवहीत प्रत्येक चाचणीबरोबर हवेचे तापमान लिहावे. थर्मोस्टॅट (कूलंटचा प्रवाह तापमानानुसार आवरणारी झडप) नसलेले आमचे इंजिन डिसेंबरच्या सकाळी १२ अंशांच्या हवेत ७५ वर स्थिरावले म्हणून निर्धास्त होता येत नाही. हवा आणि कूलंट यांतील ६३ अंशांचा तोच फरक मे महिन्यात ४५ अंशांच्या हवेवर धरला तर आकडा १०८ येतो, आणि तेव्हा सेन्सर निर्दोष असून काम रेडिएटरचे निघते.