जुनी लॅटिन प्रार्थना गॉथिक सुरात कशी बसवायची

प्रार्थनेचा डार्क ट्रॅक करायचा म्हटलं की बरेचजण आधी घंटा, वादळ, किंकाळ्या असले इफेक्ट शोधत बसतात. ते नकोच. अंधार शब्दांतच असतो, आधी ते नीट वाचा.

सुरुवातीला बायबलमधलं स्तोत्र 130 घ्या. 'दे प्रोफुंदिस क्लामावी आद ते, दोमिने', म्हणजे प्रभू, खोल गर्तेतून मी तुला हाक मारली. लॅटिन बायबलमधे हेच 129 नंबरवर सापडेल, आकडे वेगळे आहेत एवढंच. पश्चात्तापाच्या सात स्तोत्रांपैकी हे एक, मृतांसाठीही शतकानुशतकं म्हटलं गेलंय. जुन्या लॅटिन शब्दांवर कॉपीराइट नाही, पण कुणाचं रेकॉर्डिंग उचलून सॅम्पल करू नका, स्वतः म्हणा.

उच्चार चर्चच्या वळणाचा ठेवा, 'वोचेम मेआम', वोकेम नाही. चर्चमधे स्तोत्र म्हणताना ओळीचा बराचसा भाग एकाच सुरावर जातो, अर्ध्यात छोटा थांबा आणि शेवटी सूर खाली उतरतो. हीच चाल घ्या, जास्त मेलडी केली की प्रार्थना जाते आणि नुसतं गाणं उरतं.

सुरांसाठी फ्रिजियन मोड बेस्ट, आपल्या भैरवी थाटाचेच सूर. सा ला चिकटलेला तो कोमल रे छातीवर दगड ठेवल्यासारखा वाटतो. खाली ऑर्गन किंवा सिंथवर फक्त सा आणि प धरून ठेवा, गंधार अजिबात नको, गातानाही त्यावर रेंगाळू नका. गंधार आला की आनंद की दुःख ते ठरून जातं, तो नसला की सगळं पोकळ, टांगल्यासारखं राहतं आणि आपल्याला तेच तर हवंय.

टेम्पो मिनिटाला 60 ते 70 ठोके. बेस गिटारला कोरस इफेक्ट लावा आणि छोटी धून तिच्याकडेच द्या, ड्रम मशीन अगदी मोजकं. रिव्हर्ब, म्हणजे आवाजाचं घुमणं, 5-6 सेकंदांचा चालेल पण प्री-डिले, म्हणजे घुमणं सुरू व्हायच्या आधीची गॅप, 50 मिलिसेकंदांच्या आसपास ठेवा, म्हणजे शब्द आधी ऐकू येतो आणि घुमणं मागून येतं, आणि रिव्हर्बमधलं 200 हर्ट्झच्या खालचं कापून टाका नाहीतर बेसचा चिखल होतो. मुख्य आवाज साधा, खाली त्याच ओळी कुजबुजत वेगळ्या रेकॉर्ड करून हळू मिसळा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मूळ हिब्रूत पहारेकरी पहाटेची वाट बघतात ही ओळ लागोपाठ दोनदा येते, म्हणजे हे स्तोत्र रात्रीत अडकून पडत नाही. बरेचजण पहिल्या चार ओळी घेऊन शेवट कापतात, मला ते फार चुकीचं वाटतं. 'एत कोपिओसा आपुद एउम रेदेम्प्त्सिओ', त्याच्याजवळ भरपूर तारण आहे, या ओळीला ड्रम आणि बेस दोन्ही बंद करा, फक्त ऑर्गन ठेवा आणि इतका वेळ अडवून धरलेला गंधार तिथे द्या, शुद्ध, आणि रिव्हर्ब पूर्ण विरेपर्यंत पुढची ओळ सुरू करू नका.